रुचिकाच्या गाडीतली टक्

टेकडीच्या गणपतीची आण. माझ्या दोन्ही डोळ्यांची आण. एवढ्यानं भागत नसन तं चुलीतल्या विस्तवाची आण घेऊन सांगते, ह्या गोष्टीतलं अक्षर न् अक्षर खरं हाय. मधात कोणी म्हणालं, हॅट्, असं कुठं होते का, तं मी तिथंच थांबन. मंग गाडी चालू झाली का नाही, हे तुम्हाले जन्मात समजणार नाही.

तं झालं असं. नागपूरच्या नंदनवनात, भर थंडीत, सकाळी रुचिका दारासमोर उभ्या असलेल्या आपल्या गाडीत बसली. अंगात स्वेटर, डोक्याले ओढणी गुंडाळलेली, नाक लाल. पाय ब्रेकवर दाबला, मनातल्या मनात सगळ्या देवायले लायनीत उभं केलं अन् चावी फिरवली.

टक्.

झालं. पुढं काहीच नाही.

रुचिकानं पुन्हा फिरवली. टक्. समोरच्या पट्टीवरचे दिवे झकास लागले होते, पण चावी फिरवली रे फिरवली का ते डोळे मिटून घेत, अन् सोडली का पुन्हा टकामका पाहत. तिनं हॉर्न दाबला. हॉर्न असा वाजला का समोरच्या घरातली मांजर टाकीवरून खाली आली. वायपर हालले. रेडिओ लागला, त्यात एक बाई गाजराच्या हलव्याची रीत सांगत होती. म्हणजे गाडीनं सगळं केलं, फक्त गाडीचं काम तेवढं नाही केलं.

"चालू हाय का वं?" बाहेर कामावर जायले उभ्या असलेल्या मेघानं इचारलं.

"दिवे चालू हाय," रुचिका म्हणे.

"दिव्यावर बसून जायचं का बुटीबोरीले?"

रुचिकाले हासू नाही आलं. कसं येईन? गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी व्हॅन उभी होती, अन् त्या व्हॅनीत बळीराम नावाचा ड्रायव्हर खर्रा चघळत तिच्या गाडीकडं पाहत बसला होता.

ही व्हॅन काहून आली होती ते आधी ऐका.

रुचिका ही ईश्वरदासजीची सून. नवरा प्रज्वल लकडगंजात एका आरामशीनीवर कामाले, आता बाहेरगावी लाकूड आणायले गेलेला. सासू नाही. घरात हे दोघंच, सून अन् सासरा. रुचिकानं जुनी गाडी घेतली, बिनक्लचची, ऑटोमॅटिक, अन् गल्लीतल्या चार बाया रोज बुटीबोरीले पोचवायचं काम धरलं. बाया तिथं टॉवेल शिवायच्या कंपनीत. सकाळी नेणं, सांजच्याले आणणं. बायायले तिची गाडी जीव की प्राण. एखादीले वेळ झाला तं थांबे, येताना भाजीसाठी गाडी उभी करे, अन् पार्वतीबाईचे गुडघे दुखतात म्हणून त्यायले कायमची समोरची सीट. पहिल्या दिवशी रुचिका बुटीबोरीवरून एकटी परत आली तेव्हा रिकाम्या गाडीत जोरजोरानं गाणं म्हणत आली होती. तसं ती आपल्या माहेरातही कधी म्हणाली नव्हती.

पण गेल्या हप्त्यापासून गाडीले हे टक् लागलं. बाया दोनदा उशिरा पोचल्या. कंपनीतल्या सुपरवायझर मॅडमनं रुचिकाले फोन केला. आवाज गोड, पण मधात सुई. म्हणे, "सोमवारपासून आपल्या ठेकेदाराची व्हॅन तुमच्या गल्लीत उभी राहीन. तुमची गाडी निघाली तं व्हॅन रिकामी परत येईन अन् मी पुन्हा इषय काढणार नाही. नाही निघाली तं बाया व्हॅनीत बसतीन. मंग त्या व्हॅनीतच बसतीन, रोज."

तो सोमवार म्हणजे हा सोमवार.

आता तुम्ही म्हणान, का बाप्पा, हप्ताभर काय करून राहिली होती ही पोरगी? अहो, काय नाही केलं ते इचारा.

पहिल्यांदा टक् झालं तेव्हा शेजारचे धम्मानंद काका आले. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. गाडीतलं त्यायले तिकिटापलीकडं काही समजत नाही, पण मोबाईलवर व्हिडिओ पाहून माणूस आता कायचाही डॉक्टर होते. काका म्हणाले, "बॅटरी बसली." बॅटरीले मीटर लावला तं बॅटरी भरलेली. काका म्हणाले, "मंग गेअर पार्किंगमध्ये नसन." गेअर पार्किंगमध्येच. "मंग चावीतली चिप गाडी ओळखत नसन." रुचिकानं दुसरी चावी आणली. गाडीनं तिलेही नाही ओळखलं. काका मोबाईल खिशात घालत म्हणाले, "ह्याच्यापुढचा व्हिडिओ इंग्रजीत हाय."

मंग चौकातले मेकॅनिक नत्थूजी आले. त्यायनं बॅटरीची काळी तार काढली, घासली, पुसली, लावली. लाल तारेवरची ती लाल प्लास्टिकची टोपी धरून कच्चकन् हालवून पाहिली. हालेचना. नत्थूजी म्हणाले, "हे तं असं टाईट हाय जसं सोनाराच्या दुकानाचं शटर. इथं खराबी नाही. सेल्फ गेला." सेल्फ म्हणजे ती मोटर, जी इंजिनाले पहिला धक्का देते. त्यायनं सेल्फ काढला, टेबलावर ठेवून फिरवला. सेल्फ असा फिरला का टेबलावरचा चहाचा गिलास लाजून बाजूले सरकला. नत्थूजी डोकं खाजवत बसले. सेल्फ परत लावला. गाडी चालू झाली. कशानं झाली? नत्थूजीले माहीत नाही, रुचिकाले माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टक्.

बरं, टक् तरी एका जातीचं असावं न? कधी एकच टक्, ठसठशीत, दाराची कडी लावल्यासारखं. कधी टकटकटकटक, दात वाजल्यासारखं. कधी रुचिका रागानं बोनेट आदळे अन् गाडी एकदम चालू होऊन जाय. मंग ती पोरगी रोज सकाळी आधी बोनेट आदळे, मंग चावी फिरवे. दोन दिवस जमलं. तिसऱ्या दिवशी बोनेटाले पोचा आला अन् गाडी गपगार.

पार्वतीबाईचं तं म्हणणंच येगळं होतं. त्या म्हणत, "हे पालीचं लक्षण हाय." अन् त्यायचं चुकलंही नव्हतं, काहून का गाडीनं टक् केलं का ईश्वरदासजीच्या भिंतीवरची एक लठ्ठ पाल बरोबर चुकचुक करून जवाब दे. गाडी इकडून टक्, पाल तिकडून चुक. एक दिवस तं दोघींचं असं रंगलं का बाया कामावर जायचं इसरून ऐकत उभ्या राहिल्या.

सासरे काय करत होते मंग? ईश्वरदासजी होते न, दारातच होते. उमरेडचा माणूस, जातिवंत इणकर. सारी जिंदगी हातमागावर गेली. माग इकून नागपुरात लेकापाशी आले त्याले बरेच वर्षं झाले, पण बसल्या जागी हात अजून धोटा फेकल्यासारखे हालतात. गाडी आली तेव्हा म्हातारा तिच्याभोवती असा फिरे जसा नवी गाय आणली. अन् एकदा काय केलं, थंडी भल्ली पडली म्हणून रात्री बोनेटाखाली, इंजिनावर, एक जुनी गोधडी पांघरून ठेवली. सकाळी रुचिका तशीच निघाली. वर्धा रोडवर धूर. बाया ओरडत उतरल्या. अर्धी जळालेली गोधडी हातात धरून रुचिका घरी आली, अन् लग्न झाल्यापासून पहिल्यांदा सासऱ्याले तोडून बोलली. "बाबा, ह्यापुढं गाडीले हात लावायचा नाही. समजलं?"

म्हातारा हो म्हणाला. त्यानंतर गाडीबद्दल एक शब्द नाही. रुचिकाले वाटलं, चला, एक डोक्याचा ताप गेला.

तं आता या सोमवारच्या सकाळी या. रुचिका गाडीत, बाया बाहेर, बळीराम व्हॅनीत, धम्मानंद काका मफलर गुंडाळून मोबाईल घेऊन हजर, अन् ईश्वरदासजी दाराच्या पायरीवर, हात सदऱ्याच्या खिशात.

"धक्का मारू का?" मेघा म्हणे.

"ऑटोमॅटिक धक्क्यानं चालू नाही होत," रुचिका म्हणे.

"मंग असली गाडी घेतली कायले?"

"डावा पाय रिकामा राहते म्हणून."

"मंग मार न त्या रिकाम्या पायानं लाथ."

काकानं बळीरामले आवाज देला. "का गा भाऊ, तुमच्या व्हॅनीवरून वायर जोडून देता का? आमची चालू होते का पाहतो."

बळीरामनं खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात केला. "वायर नाही माझ्यापाशी. अन् असती तं कायले देतो? मी काय रिकामा जायले आलो का इथं?"

माणूस खरं बोलला, त्याचा राग येत नाही. रुचिकालेही नाही आला. तिले फक्त काही समजून नव्हतं राहिलं. बॅटरी चांगली. सेल्फ चांगला. तारा टाईट. पेट्रोल भरलेलं. चावी बरोबर. सगळं बरोबर, अन् सगळं मिळून चूक. घरातल्या सगळ्याच माणसायनं "मी काही नाही बोललो" म्हणावं अन् घरात तरी भांडण असावं, तसं. ती बोनेट उघडून उभी राहिली अन् आत पाहत राहिली. आत पाहून काय समजते? पण माणूस पाहते.

"चावी फिरवा न कोणीतरी," ती म्हणे. "मी इथून ऐकते."

मेघा आत बसली. "ब्रेक दाब," रुचिकानं सांगितलं. मेघानं दाबला, चावी फिरवली.

टक्.

भिंतीवर चुक.

"ऐकलं?" पार्वतीबाई म्हणे.

"पार्वतीकाकू, तुम्ही थोडं शांत राहा जी," रुचिका म्हणे. 

बळीरामनं हॉर्न वाजवला. "चला बाई लोक. पहिला भोंगा कोणासाठी थांबत नाही."

बाया एकमेकींकडं पाहायले लागल्या. पार्वतीबाईनं डबा ह्या हातातून त्या हातात घेतला. मेघा गाडीतून उतरली अन् रुचिकाकडं न पाहता म्हणे, "रुचिका, आमचं पोट हाय वं तिथं. तुले राग येऊन राहिला का?"

"नाही," रुचिका म्हणे. "बसा तुम्ही व्हॅनीत." अन् तोंड फिरवलं.

तोंड फिरवलं म्हणूनच तिले दिसलं. बाकी सगळे व्हॅनीकडं पाहत होते. इकडं ईश्वरदासजी पायरीवरून उतरून हळूच बोनेटापाशी आले होते, अन् त्यायचा हात सदऱ्याच्या खिशातून बाहेर आला होता. हातात एक बारका पाना. दुसऱ्या हातात सुताची कांडी.

"बाबा."

म्हाताऱ्यानं पाना पटकन् खिशात घातला. "मी कुठं हात लावून राहिलो? पाहून राहिलो."

"हा पाना कुठला?"

"नत्थूजीचा. त्या दिवशी इसरला इथं."

"अन् तुम्ही त्याचं काय करून राहिले?"

जसं काही सगळ्यायले माहीतच हाय, तसं म्हातारा म्हणे, "टक वाजते म्हणजे सांधा ढिला हाय. अजून दोन-चार फेरे द्या लागन."

"काय द्या लागन?"

"फेरे."

"कायचे फेरे?"

"सुताचे."

रुचिकाले आधी वाटलं, थंडीनं कान बसले. मंग तिच्या ध्यानात दुसराच शब्द आला. "बाबा, 'अजून' म्हणजे? पहिले किती देले?"

आता इथं तुम्हाले मागाची एक गोष्ट समजली पाहिजे, नाही तं म्हातारा तुम्हाले भैताड वाटन, अन् तो भैताड नाही. हातमाग लाकडाचा. लाकूड थंडीत आकसते. आकसलं का खुंटी भोकात ढिली पडते, अन् मंग प्रत्येक ठोक्याले माग टक् करते. इणकर काय करते? सुतार नाही बोलावत. खळ लावलेलं सूत घेते, म्हणजे कांजी पाजलेलं कडक सूत, अन् खुंटीले त्याचे फेरे देते. घट्ट, एकाशेजारी एक, असे का बोट फिरवलं तं गाठ लागू नये. मंग खुंटी ठोकते. टक् बंद. ईश्वरदासजीनं पन्नास वर्षं टक् ऐकलं का सूत गुंडाळलं. टक् म्हणजे ढिला सांधा. त्याले दुसरा अर्थच माहीत नव्हता.

अन् पाहा, म्हातारा पहिल्या दिवशी चुकलाही नव्हता. लाल तारेच्या टोकाचा चाप, बॅटरीले धरणारा तो, खरंच ढिला झाला होता. आधीच्या मालकानं कधी बॅटरी बदलली असन तेव्हा तो फाकला होता. रुचिका आंघोळीले गेली का म्हाताऱ्यानं बोनेट उघडलं, लाल टोपी वर केली, चाप बोटानं हालवून पाहिला. हालला. पाना अजून हाती आला नव्हता, पण एवढा ढिला चाप बोटानंच निघते. चाप काढला, बॅटरीच्या त्या शिशाच्या खुंटीले सुताचा एक फेरा देला, चाप वरून दाबून बसवला. एकच फेरा, चाप सुताले चिरून खुंटीले भिडला, अन् गाडी त्या दिवशी पहिल्या चावीत चालू झाली. म्हातारा पायरीवर बसून एकटाच हासला. कोणाले सांगन? हात लावायची मनाई होती.

दोन दिवसानं पुन्हा टक्. मंग अजून फेरे. पुन्हा टक्, अजून फेरे. जेवढं टक् वाढे तेवढं सूत वाढे, अन् जेवढं सूत वाढे तेवढं टक् वाढे. चाप एवढा टाईट का नत्थूजीसारखा नत्थूजी फसला. पण लोखंडाचं अन् शिशाचं तोंड तोंडाले लागेच ना, मधात सुताचा पडदा. एखाददोन जागी चिमूटभर भिडत असन, तेवढ्यात दिवे लागत, हॉर्न वाजे, हलव्याची रीत ऐकू ये. पण सेल्फले लागते वीज नदीसारखी, अन् येत होती नळाले सकाळी येते तशी.

हे सगळं रुचिकाले एका दमात समजलं, असं नाही. ती म्हाताऱ्याकडं पाहे, बॅटरीकडं पाहे, पुन्हा म्हाताऱ्याकडं.

"बाबा, सुतातून वीज जात नाही जी."

"मागाले कुठं वीज होती?" म्हातारा म्हणे.

धम्मानंद काका मफलर तोंडावर धरून खोकायले लागले. खोकला नव्हता तो.

"द्या पाना," रुचिका म्हणे. "मेघा, दम धर. एक मिनिट धर."

"बळीरामभाऊ," मेघानं आवाज देला, "पार्वतीबाईचा डबा घरी राहिला, आणायले चालल्या." पार्वतीबाईचा डबा पार्वतीबाईच्या हातात होता. त्यायनं तो पदराखाली घेतला अन् गुडघे धरून अशा सावकाश घराकडं निघाल्या का गोगलगायीनं मागून येऊन पुढं जावं.

रुचिकानं आधी काळी तार सोडवली, एवढं ती नत्थूजीकडून शिकली होती. मंग लाल टोपी वर केली. चाप निघता निघेना. काका अन् ती, दोघायनं हिसका देला तेव्हा कुठं निघाला. आत खुंटी दिसलीच नाही. सूत दिसलं. एकाशेजारी एक फेरे, कुठं फट नाही, कुठं गाठ नाही, वर हळदीचं बोट लावलेलं. पोरीनं एक टोक ओढलं. ओढतच राहिली. ओढणीच्या कडेले पुरन एवढं निघालं, मंग साऱ्या ओढणीले पुरन एवढं. काका ते हातावर गुंडाळत होते, अन् शेवटी काकाचा हात कोपरापर्यंत दिसेनासा झाला.

"काम सुंदर हाय पण," काका म्हणे.

"काका."

"नाही, म्हटलं काम सुंदर हाय."

खुंटी मोकळी झाली. रुचिकानं ती घासली, चाप बसवला, पाना आवळला, काळी तार जोडली. पळत जाऊन गाडीत बसली. चावी फिरवली.

टक्.

बळीराम व्हॅनीतून खाली उतरला होता. त्यानंही ऐकलं. "झालं समाधान?" तो म्हणे.

रुचिका स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसली. आता तं काहीच उरलं नव्हतं. खराबी सापडली, काढली, अन् तरी टक्. डोक्यात नुसता गुंता, त्या काकाच्या हातावरच्या सुतासारखा.

बोनेटामागून म्हाताऱ्याचा आवाज आला. "ढिलाच हाय न तो. मी काय म्हणत होतो?"

रुचिकानं डोकं वर केलं.

"सूत काढलं तं तो पहिल्यासारखा हालून राहिला," म्हातारा म्हणे. "पाना मारून चाप पुरा आवळला तरी खुंटीले धरत नाही. फाकलेला हाय. मधात काहीतरी द्याच लागते."

रुचिका खाली उतरली. चाप बोटानं हालवला. हालला, लहान लेकराच्या पडायच्या दातासारखा. म्हातारा बरोबर होता. ती बरोबर होती. म्हणून तं गाडी चालू होत नव्हती.

"सूत नाही चालत बाबा. वीज जाईन असं काहीतरी पाहिजे. धातूचं."

"धातूचं सूत?"

"हो. तसंच समजा."

म्हातारा आत गेला, अन् आला तं त्याच्या हातात जरीची कांडी होती. खरी जर. तांब्याची तार, वर चांदीचं पाणी. त्याच्या मागावरून उतरलेल्या शेवटच्या लुगड्याच्या काठाची उरलेली. सकाळच्या उन्हात ती अशी चमकली का बळीराम खर्रा चघळायचा थांबला. म्हाताऱ्यानं वर्षानुवर्षं ती ट्रंकेत मैनाबाईच्या, म्हणजे आपल्या बायकोच्या, पैठणीखाली ठेवली होती.

"बाबा, ही नका वापरू," रुचिका म्हणे.

"कायले ठेवू? माग कुठं हाय?" अन् तो थांबला. हात पुढं केला नाही. "लावू का हात?"

इचारलं त्यानं. त्या हप्त्याभरात पहिल्यांदा इचारलं.

रुचिकाच्या डोळ्यात पाणी आलं, का थंडीनं नाकातलं वर चढलं, ते मले माहीत नाही. ती म्हणे, "लावा. पण मले दाखवून लावा. अन् आधी काळी तार काढा लागते."

"ते मले माहीत हाय. मी रोज काढत होतो."

म्हातारा वाकला. तुम्ही कधी इणकराचे हात काम करताना पाहिले का? डोळे कुठं, हात कुठं. त्यानं जरीचे फेरे देले, एकाशेजारी एक, अन् मधातच थांबून खुंटी चाचपली, दोन फेरे कमी केले. "जास्त झाले," म्हणे. रुचिकानं चाप बसवला, म्हाताऱ्यानं पाना आवळला. तिनं हालवून पाहिलं. जागचा हालला नाही. काळी तार जोडली.

बळीराम अजून व्हॅनीबाहेरच उभा होता. तो पार्वतीबाईकडं पाहत होता, ज्या डबा आणायले निघालेल्या अजून स्वतःच्या फाटकाशीच पोचल्या होत्या.

रुचिकानं चावी फिरवली.

टक् झालंच नाही. एकदम घर्रर् करून इंजिन उठलं. रुचिका दचकली, तिचा पाय ब्रेकवरून सरकला, अन् काका सुतासकट मागं उडी मारून तुळशीत बसले.

"पार्वतीकाकू, चला," मेघा ओरडली, अन् पार्वतीबाई अशा धावत आल्या का त्यायच्या गुडघ्यायले दुखायची सवडच भेटली नाही.

बळीराम रुचिकाच्या काचेपाशी आला. तिनं काच खाली केली. तो म्हणे, "मॅडमले मी काय सांगू?"

"सांगा, गाडी निघाली."

"अन् उद्या?"

रुचिकानं आरशात पाहिलं. मागं म्हातारा पाना सदऱ्याले पुसत होता. "उद्याचं आजच नत्थूजीकडं जाऊन पाहतो आम्ही दोघं," ती म्हणे. "नवा चाप टाकतो."

बळीराम खर्रा थुकायले बाजूले वळला. "बरं हाय. त्या नेहमीच्या रस्त्यानं नका जाऊ मंग, तिथं खोदून ठेवलं हाय. रिंग रोडनं काढा." त्याची व्हॅन रिकामी परत गेली.

बाया भोंगा वाजता वाजता गेटातून आत शिरल्या. मॅडम गेटाशीच उभ्या होत्या. त्यायनं घड्याळ पाहिलं, गाडी पाहिली, बोनेटावरचा पोचा पाहिला, अन् बोलल्याप्रमाणं इषय काढला नाही.

दुपारी सून अन् सासरा नत्थूजीकडं गेले. नत्थूजीनं जुना चाप काढला, खुंटीवरचे फेरे पाहिले अन् त्यावरून बोट फिरवलं. मंग म्हणाले, "हे कोणी केलं?" म्हातारा दुसरीकडं पाहायले लागला. रुचिका म्हणे, "आमच्या बाबायनं." नवा चाप बसला. तेव्हापासून दर इतवारी गाडीचं बोनेट उघडते. पाणी म्हातारा पाहते, ऑईल म्हातारा पाहते, अन् इंजिनात कुठं काही खुट्ट झालं का सुनेले आवाज देते, "रुचिका, हात लावू का वं?" कधी ती हो म्हणते. बहुतेकदा नाहीच म्हणते. मंग म्हातारा पायरीवर बसून ती काय करून राहिली ते पाहते अन् चुका काढते.

झाली गोष्ट.

आता असे पाहू नका माझ्याकडं. बरं, एक सांगून टाकते, नाही तं रात्री झोप येणार नाही. ती कांडी जरीची नव्हतीच. जुना टेबलफॅन होता घरात, मोडका, त्याच्या आतली तांब्याची तार होती ती. म्हाताऱ्यानं घरातून तो फॅनच बाहेर आणला, तिथंच फोडला अन् तारेवरचं लाखेचं पाणी खरडून काढलं. फेरे त्यानंच देले, अन् तसेच देले, त्यात काही खोटं नाही. पण मोडक्या फॅनची तार म्हटलं असतं, तं तुमच्यातला एखादा ऐन वेळी उठून पाणी प्यायले गेला असता.